सहाणेवर झिजलेली नाळ

मोठीमाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीचा तास संपवून नुकतीच स्टाफरूममध्ये येऊन बसले होते. फोन रोहण्याहून, माझ्या धाकट्या भावाचा होता. "मोठीमाय गेली," तो म्हणाला आणि मग त्यानं सगळं सांगितलं. दुपारी ती नेहमीसारखी जेवली, आपलं ताट आपण घासून पालथं घातलं, ओसरीतल्या बाजेवर आडवी झाली आणि घरातले चहासाठी उठवायला गेले तर उठलीच नाही. ताट घासून ठेवलं हे ऐकल्यावर मला रडता रडता हसू आलं. आपल्यामागे कुणाला आपलं खरकटं काढायला लावायचं नाही, हा तिचा जन्मभराचा खाक्या होता. तो तिनं शेवटच्या दिवशीही मोडला नाही. वर्ध्याहून आर्वी आणि आर्वीहून रोहणा हा रस्ता मी हजार वेळा तरी केला असेल, पण त्या दिवशी तो काही केल्या सरेना.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, लीलाबाई. घरात आम्ही सगळे तिला मोठीमाय म्हणायचो आणि गाव लीलाकाकू. आमचं रोहण्याला किराणा दुकान होतं. मोठेबाबा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर तिथल्या गादीवर तीच बसायची. कपाळाला टिकली नाही, पण जिभेला धार अशी होती की गिऱ्हाईक दोन पैशाच्या वस्तूसाठी यायचं आणि तिचं बोलणं ऐकून घ्यायला अर्धा तास थांबायचं. कुणी एखादा चाखायला म्हणून गुळाचा खडा मागायचा, मग दुसरा, मग तिसरा. मोठीमाय तोंडावरची रेष न हलवता म्हणायची, "चाख बापा, चाख. पर जेवण घरीच करजो." तो ओशाळून गूळ विकत घ्यायचा. तिला स्वतःचं मूल झालं नाही. याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि बोलायची वेळही तिच्यावर आली नाही, कारण तिच्या मांडीवर गजू होता.

गजू माझ्या आत्याचा मुलगा. आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती परत सासरी गेलीच नाही. गजू झाला आणि चार-पाच दिवसांत ताप येऊन ती गेली. त्याच पावसाळ्यात, त्याच खोलीत, महिनाभर आधी माझा जन्म झाला होता. माझी आई दोघांना पाजायची आणि पाजून झालं की गजूला मोठीमाय उचलायची. त्याचे वडील अधूनमधून येऊन त्याला बघून जायचे, पण त्याला चालता-बोलता यायला लागण्याआधी तेही गेले. तेव्हापासून 'गजू कुणाचा' असं कुणी विचारलं तर गावात एकच उत्तर होतं, लीलाकाकूचा.

आमच्याकडे बाळाची नाळ वाळून पडली की ती टाकून द्यायची नाही, अशी रीत. कापसात गुंडाळून, दोरा बांधून जपून ठेवायची. ती जवळ असली की पोर घराला धरून राहतं, असं मानायचे. शिवाय पोर आजारी पडलं की ती सहाणेवर मधात उगाळून एक बोट चाटवायचं. मोठीमायनं आम्हा दोघांच्या नाळा आपल्या लग्नातल्या चांदीच्या कुंकवाच्या डबीत ठेवल्या होत्या. गजूच्या नाळेला काळा दोरा, माझ्या नाळेला लाल. मी लहानपणापासून ठणठणीत. गजू मात्र वारा लागला की शिंकणारा, पाऊस लागला की तापणारा. सहाणेचा खरखर आवाज आला की मी समजायची, गजूला आज पुन्हा शाळा नाही. माझ्यावर हा मोठा अन्याय वाटायचा. एकदा मी मुद्दाम कण्हत अंथरुणात पडून राहिले, तर मोठीमायनं कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "उठ वं पोट्टे. तुही नाळ अशी फुकट घासाले नाई ठेवली म्या."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं माझ्या मनात अजून ताजी आहेत. घरी टीव्ही नुकताच आला होता. गजू छपरावर चढून अँटेना फिरवायचा, मी दारात उभी राहून आतलं चित्र बघायची आणि मोठीमाय अंगणातून दोघांच्या मध्ये निरोप पोचवायची, "मुंग्याच येऊन राह्यल्या म्हंते, आणखी फिरव." चित्र आलं की ती स्वतः बघायची नाही, दुकानात जाऊन बसायची. गजूला तारांचं, वायरींचं वेड तिथूनच लागलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला आम्ही आपापले लाकडी बैल सजवून घरोघर न्यायचो आणि बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारा खाऊ नि पैसे, घेऊन यायचो. गजूच्या बैलाचं एक शिंग तुटकं होतं. ते त्यानं तांब्याची तार वळवून नवीन करून लावलं, तेव्हा सगळ्या आळीतल्या पोरांना आपापल्या बैलाचं शिंग मोडावंसं वाटायला लागलं. पुढे तो बैल टीव्हीवर जाऊन बसला आणि गजू मोठा झाल्यावरही तिथंच राहिला.

गजूची एक खोड होती. त्याला एकट्याला झोप यायची नाही. लहानपणी मोठीमाय आणि भिंत यांच्या मध्ये निजायचा. मिसरूड फुटल्यावर लाज वाटायला लागली, म्हणून बाज वेगळी केली, पण ती तिच्या बाजेला लावूनच. आर्वीला आयटीआय करून त्याला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आम्हाला वाटलं, मोठीमाय काही त्याला सोडणार नाही. तिनं डबा भरला, पिशवीत लोणच्याची बरणी ठेवली आणि बस हलताना खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "जाय. नाळ माह्यापाशी हाय, जाशीन कुठी?" पुण्यात तो तिघांच्या खोलीत राहायचा. झोप तरी लागते का, असं मी एकदा चिडवत विचारलं, तर म्हणाला की खोली इतकी लहान आहे की एकटं निजायची सोयच नाही.

दर पोळ्याला मात्र तो यायचा. दिवाळी चुकली तरी पोळा चुकायचा नाही. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती, माझं लग्न होऊन मी वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवत होते. त्या वर्षी तो पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचणार होता. ज्या खासगी बसनं तो निघाला, ती वाटेत एका टँकरवर आदळली आणि पेटली... त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. तेव्हा पेपरात सगळं आलं होतं, आणि जे आलं नव्हतं ते आम्ही नागपूरच्या इस्पितळाच्या त्या लांबलचक व्हरांड्यात बसून ऐकलं. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. बसमध्ये कोण कोण होतं हेही नक्की नव्हतं, कारण काही लोक वाटेत चढले होते, काही उतरले होते. आता ओळख पटवायची तर डीएनए तपासणी, एवढाच मार्ग होता.

तपासणीचं काम बघणारी डॉक्टर तरुण होती. शांतपणे एकेका कुटुंबाला आत बोलवायची, आई-वडिलांचं, भावंडांचं, लेकरांचं रक्त घ्यायची. आमची पाळी आली. आई? नाही. वडील? नाही. भाऊ-बहीण, मूलबाळ? काहीच नाही. माझे बाबा आणि मोठेबाबा हे त्याचे मामा, तेही तोवर गेले होते. मी हात पुढे केला तर डॉक्टर म्हणाली की मामेबहिणीच्या रक्तावरून ठामपणे काही सांगता येणार नाही. त्याचा कंगवा, दाढीचं सामान आणा म्हणाली. दाढीचं सामान त्याच्या बॅगेत होतं आणि खोलीवरचा कंगवा तिघं मिळून वापरायचे. मोठीमाय पुढे सरकली. तिनं चोळीची बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "माहं घ्या," म्हणाली. "लागते तितकं घ्या."

मी डॉक्टरला हळूच नातं सांगितलं. ती मोठीमायचा हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, "आजी, तुम्ही त्याला वाढवलंत. पण या तपासणीत ते दिसत नाही हो."

मोठीमायनं बाही खाली केली. तिच्या चेहऱ्यावर मी तसा भाव आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. दुकानाच्या गादीवर बसून अख्ख्या गावाला गप्प करणारी बाई कुणीतरी चारचौघांत उठवून लावल्यासारखी बसली होती. आम्ही उठून दारापर्यंत आलो आणि ती मागे वळली. "रक्त नाई माहं," ती म्हणाली. "पर त्याची नाळ हाय माह्यापाशी. चालंन का?"

डॉक्टर उभीच राहिली. किती वर्षांची, कशात ठेवली, ओली तर झाली नाही ना, असं सगळं तिनं विचारलं. चालेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, पण आणा म्हणाली. परतीच्या प्रवासात मोठीमाय सरळ बसली होती. मघाशी काढून घेतलेलं काहीतरी तिला परत मिळालं होतं.

घरी येऊन तिनं डबी उघडली. डबीतल्या हळद-कुंकवानं आणि वर्षांनी दोन्ही दोरे एकाच मातकट रंगाचे झाले होते. काळा कुठला नि लाल कुठला, काही कळेना. मी घाबरले. मोठीमाय नाही घाबरली. एक नाळ चांगली बोटाच्या पेराएवढी होती आणि दुसरी झिजून हरभऱ्याएवढी उरली होती. "ही त्याची," तिनं झिजकी नाळ उचलली. "किती खेप उगाळली म्या, मले ठाऊक नाई?" दोन्ही देऊ या, असं मी म्हटलं तर ती ऐकेना. नांदत्या पोरीची नाळ मुडदाघराच्या दारात न्यायची नाही, असं तिचं म्हणणं. तिच्यापुढे बोलणार कोण? झिजकी नाळ नागपूरला गेली, तिथून ती पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेत जाणार होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. मी शनिवार-रविवार रोहण्याला जायची. एकदा तिनं मला विचारलं की त्या नाळेत एवढं काय असतं. दहावीच्या पोरांना शिकवते तसं मी तिला सांगितलं, की प्रत्येकाच्या अंगात कणाकणात एक खूण असते, अर्धी आईकडून येते, अर्धी बापाकडून. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. "अर्धं मायचं, अर्धं बापाचं," ती म्हणाली. "मंग वाढवणाऱ्याच्या वाट्याले काय?"

उत्तर आलं ते आम्ही कल्पना केली नव्हती असं. नाळेतून खूण चांगली मिळाली होती, पण ती तिथल्या कुणाशीच जुळत नव्हती.

मी हे सांगितलं तेव्हा मोठीमाय पाटावरून उठली आणि देवापुढे जाऊन उभी राहिली. गजू त्या बसमध्ये नव्हता. कुठंतरी उतरला असेल, डोक्याला मार लागला असेल, कुठल्यातरी दवाखान्यात पडला असेल, नाव सांगता येत नसेल... आम्ही सगळ्यांनीच ते मानलं, खोटं कशाला सांगू, मीही मानलं. पोळ्याच्या करंज्या तिनं डब्यात तशाच ठेवल्या होत्या, त्या गाईला घातल्या आणि नव्या तळल्या. त्याच्या बाजेला नवी सुतळी ओढून घेतली. भेटायला आलेल्या बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या की ती म्हणायची, "काऊन रडून राह्यल्या वं? माहा गजू येऊन राह्यला. चहा घ्या अन् जा." संध्याकाळची आर्वीची बस आली की ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहायची. ती त्या दिवसांत फार सुखात होती.

आणि मग नागपूरच्या त्या डॉक्टरचा फोन मला आला. सगळा अहवाल तिनं पुन्हा नीट वाचला होता. ती नाळ मुलीची होती.

मी खुर्चीवर बसले. मुलगा आणि मुलगी यांच्या गुणसूत्रांतला फरक मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. डॉक्टरला खात्री करून हवी होती, म्हणून नागपूरला जाऊन मी रक्त दिलं, आणि ते त्या झिजलेल्या नाळेशी नेमकं जुळलं. ती माझी होती. गजूच्या पहिल्याच तापाला उगाळायला दोरे सोडताना अदलाबदल होऊन मोठीमायच्या हाताला चुकून माझी नाळ लागली असणार, आणि पुढे जी झिजलेली ती गजूची, या हिशेबानं दर तापाला तीच उगाळली गेली. त्याची स्वतःची नाळ डबीत जशीच्या तशी राहिली होती. त्या व्हरांड्यातून आता सगळ्यांना आपापली माणसं मिळाली होती, फक्त एकजण आत उरला होता, असंही डॉक्टरनं सांगितलं.

हे मोठीमायला कसं सांगायचं, याचा विचार करत मी रोहण्याला पोचले. तिनं सगळं ऐकलं. पहिल्यांदा तिला झिजलेल्या नाळेचंच नवल वाटलं. "म्हंजे तुह्या नाळेनं त्याचा ताप उतरे?" मी मान हलवली. "उतरे तं खरा," ती स्वतःशीच म्हणाली. "मंग कोणाची का असंना." मग तिनं डबी उघडली, उरलेली नाळ तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. म्हणाली, "ही माह्या मुठीत हाय तोवर तो जिता हाय, वंदू."

मी ती मागितली नाही. मागणार कशी? रिकाम्या हातानं वर्ध्याला परत आले. डॉक्टरनंही घाई केली नाही.

पुढच्याच आठवड्यात मी शाळेतून घरी आले तर मोठीमाय माझ्या दारात बसलेली. आयुष्यात कधी एकटी आर्वीच्या पलीकडे न गेलेली बाई दोन बस बदलून आली होती. पदराच्या गाठीत डबी होती. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. "सगळ्यायले नेलं म्हंते ना घरच्यायनं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

"मंग तो एकटाच असंन तिथी," मोठीमाय म्हणाली. "त्याले एकट्याले झोप येत नाई."

पदराची गाठ तिची तिलाच सुटेना, मी सोडली. त्या दिवशी आम्ही दोघी नुसत्या शेजारी शेजारी बसून राहिलो.

ती नाळ जुळली. गजूला आम्ही रोहण्याला आणलं तेव्हा शेतात कापूस फुटायला लागला होता. डॉक्टरनं उरलेला नाळेचा तुकडा आठवणीनं परत दिला होता. चितेवर ठेवताना मोठीमाय पुढे झाली. आमच्याकडे बायका तिथवर जात नाहीत, पण तिला कुणी अडवलं नाही. तिनं तो तुकडा त्याच्या छातीवर ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, दूर गावाला निघालेल्याला सांगावं तसं म्हणाली, "जाय बापा. आता नाई बांधून ठेवत."

त्यानंतरही ती बरीच वर्षं जगली. दुकानात बसली, लोकांच्या फिरक्या घेतल्या, माझी मुलगी झाली तेव्हा वर्ध्याला येऊन राहिली. लेकीची नाळ पडली तेव्हा ती मी विचारायच्या आधी तिनं वेगळ्या डबीत ठेवली आणि झाकणावर खिळ्यानं खूण ओढली. "एकीत दोन ठेवू नये," एवढंच म्हणाली. गजूचं नाव ती सहज घ्यायची, तो वरच्या आळीला गेलाय आणि जेवायच्या वेळेला येईल अशा सुरात. टीव्हीवरचा बैल मात्र तिनं कुणाला हलवू दिला नाही. नवा चपटा टीव्ही आला, त्यावर बैल राहीना, तेव्हा भावाला भिंतीत फळी ठोकायला लावली.

मोठीमायचे दिवस झाल्यावर भावानं ती चांदीची डबी माझ्या हातात दिली. तुझी आहे, तुला द्यायला सांगून ठेवलं होतं, म्हणाला. दर पोळ्याला मोठीमाय ती उघडून बसायची, दोरा बदलायची, हेही त्यानंच सांगितलं. मला माहीतच नव्हतं. डॉक्टरनं माझी झिजकी नाळही तेव्हा परत केली होती आणि मोठीमायनं ती पुन्हा डबीत ठेवली, एवढंच मला ठाऊक होतं. तिला लाल दोरा असणार, असं धरून मी झाकण उघडलं.

हरभऱ्याएवढ्या त्या तुकड्याला दोन दोरे होते. एक लाल आणि एक काळा, दोन्ही नवे, एकाच गाठीत बांधलेले.

यंदाच्या पोळ्याला ते मी बदलले.